थर्मोस्टॅट हाउसिंगचा बोल्ट इंजिनच्या सिलिंडर हेडमध्येच तुटला. नागपुरात काय करता येईल?

अंबाझरी_१२
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतलेली. इंजिन ॲल्युमिनियमचं. मे लागला तसा टेंपरेचरचा काटा चढायला लागला. वर्धा रोडवर एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही. पाणी सोडून पाहिलं तर तांबूस गढूळ, कूलंटचा पत्ताच नाही. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी भरून भरून चालवली असणार.

थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह) बदलू म्हणून त्यावरचं झाकण, म्हणजे हाउसिंग, खोलायला घेतलं. दोन बोल्ट, एम६ (६ मिलिमीटर जाडीचे), १० चं डोकं. पहिला कुरकुरत का होईना, निघाला. दुसरा पाव फेरा फिरला, मग पाना एकदम मऊ लागला आणि डोकं सॉकेटमध्ये आलं. हाउसिंग हलवून हलवून बाहेर काढलं. आता हेडमधून बोल्टचा साधारण ५ मिलिमीटरचा तुकडा वर उभा आहे आणि त्याच्या बुडाशी पांढरी भुकटी जमलीय.

हाताशी सॉकेट सेट, ड्रिल मशीन, हॅक्सॉ, व्हाइस ग्रिप, हातोडी आणि डब्ल्यूडी-४० चा स्प्रे आहे. गाडी त्रिमूर्ती नगरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये. कोपऱ्यावरचे मिस्त्री म्हणतात, इझी आउट (तुटलेल्या बोल्टात ठोकून तो उलटा फिरवायची कांडी) आणा, पाच मिनिटांचं काम. ते विकत आणण्याआधी इथे विचारतोय.

सावजी_तर्री
भाऊ, गाडी दुपारी एक वाजता पार्किंगमधून काढ अन् उन्हात लाव. ४६ डिग्रीत बोल्ट सोताहून बाहेर येते, तू फक्त सावलीत बसून पाह्य.

धातूची_भानगड
सावजीभाऊंनी गंमत केली, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ॲल्युमिनियम दर डिग्रीला साधारण २३ आणि पोलाद साधारण १२ दशलक्षांश इतकं प्रसरण पावतं. फरक ११ चा. ६ मिलिमीटरचं भोक, सकाळचे २८ डिग्री आणि दुपारचे ४६ धरले तर भोक बोल्टपेक्षा जेमतेम एक मायक्रॉन जास्त मोठं होतं. डोक्याचा केससुद्धा याच्या पन्नासपट जाड असतो. म्हणजे नागपूरचं ऊन माणूस उकलू शकतं, बोल्ट नाही. हेच हेड बोल्टच्या आसपास १५० डिग्रीपर्यंत तापवलंत तर आठेक मायक्रॉन मिळतात, आणि मुख्य म्हणजे आट्यांतला थर तडकतो. फरक तिथे पडतो.

ती पांढरी भुकटी ॲल्युमिनियमची आहे, लोखंडाची नाही. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं हेड आणि मध्ये क्षारांचं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. तीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचं ऑक्साइड-हायड्रॉक्साइड फुगून आट्यांत गच्च बसतं. तेल त्यात फार शिरत नाही. त्यामुळे स्प्रेवर फार भरवसा ठेवू नका.

लेथवाला_काका
थांब भाऊ. इझी आउटले हात लावू नको.

काहून ते सांगतो. तुहा बोल्ट आट्यात फसला म्हणून डोक्यापाशी तुटला. पूर्ण ६ मिलिमीटरचा बोल्ट होता तो, अन् त्याले तो जोर झेपला नाही. आता त्याच बोल्टच्या मधात भोक पाडशीन, त्यात बोल्टहून बारीक कांडी ठोकशीन, अन् तोच जोर त्या कांडीवर देशीन. बोल्ट टिकला नाही तं कांडी टिकन काय? त्यात इझी आउट निमुळती असते. जशी ठोकतो तसा बोल्ट आतून फाकते अन् आट्यात अजून आवळते. कांडी आत तुटली का खेळ खतम. ते कडक पोलाद असते, घरच्या साध्या ड्रिलनं त्याच्यावर ओरखडाबी येत नाही. मंग हेड उतरवा अन् स्पार्क इरोजनच्या (ठिणगीनं धातू खाणाऱ्या) मशीनवर न्या. हिंगणा एमआयडीसीत टूलरूमवाले करून देतात, पण एका एम६ साठी हेड उतरवणं कोणाले पुरते?

इझी आउट कुठी चालते? जिथी बोल्ट फसला नाही, नुसता जास्त कसून तुटला, तिथी. तो तं बोटानंबी निंगते कधी कधी.

तुहा ५ मिलिमीटर तुकडा वर हाय, तेच तुहं नशीब समज. आज त्याले व्हाइस ग्रिप लावून पिळू नको. आधी गरम, मंग बाकी सारं.

पुणेरी_पाना
काकांशी सहमत. तीन गोष्टी जोडतो.

डब्ल्यूडी-४० मधलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने गंज रोखण्यासाठी ते बनवलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. जाम बोल्टसाठी त्याच कंपनीचा वेगळा पेनिट्रंट (आत झिरपणारा) स्प्रे मिळतो, यावरून काय ते समजा.

दुसरं, सॉकेट बारा कोनी होतं की सहा कोनी? जाम बोल्टला नेहमी सहा कोनी. बारा कोनी सॉकेट टोकांवर जोर देतं आणि डोकं गोल करतं. तुमचं डोकं गोल झालं नाही, हे नशीब की दुर्दैव ते ठरवणं अवघड आहे. गोल झालं असतं तर निदान बोल्ट शाबूत राहिला असता.

तिसरं, रॅचेट (सॉकेट फिरवायचा दांडा) केवढं? एम६ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर कसतात आणि त्याच्या दीडपट-दुपटीत तो मान टाकतो. २५ सेंटीमीटरच्या दांड्यावर ६ किलोचा जोर दिला की १५ न्यूटन-मीटर झालेच. हे मनगटाला कळतसुद्धा नाही. एम६ साठी पाव इंची छोटं रॅचेटच वापरावं, म्हणजे हातालाच मर्यादा पडते.

अंबाझरी_१२
दादा, अर्धा इंची होतं. पुढचं बोलू नका.

गरम कशाने करू? घरी हॉट एअर गन नाही. शेजारच्या काकांकडे गॅसचा छोटा टॉर्च आहे. हाउसिंगच्या बाजूलाच रबरी होज आणि वायरिंगचा जुडगा आहे.

गाडीवाली_ताई
टॉर्च नको, दादा. हॉट एअर गनच आण, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पुढेही कामी येते. इंजिनच्या खोबणीत ज्योत घेऊन वाकायचं आणि हातभरावर पेट्रोलचा पाइप, हे मला तरी पटत नाही. सीएनजी किट असेल तर विषयच संपला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. होजवर ओलं फडकं गुंडाळ, वायरिंगवर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल दुहेरी करून बांध. ब्रेक क्लीनरने भुकटी धुवायचा मोह होईल, पण डब्यावर क्लोरीनवालं काही लिहिलेलं असेल तर अजिबात नको. ते वाळायच्या आधी तापलं की फॉसजीन तयार होतो, तो विषारी वायू आहे. तारेच्या ब्रशने भुकटी खरवड, पुरे. बादलीभर पाणी नाही, पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेव. सोसायटीत असतंच, त्याची तारीख तेवढी बघून घे.

धातूची_भानगड
ताईंच्या म्हणण्यात एक भर. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही. ते ६६० डिग्रीला वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि रंगावरून काहीही कळत नाही. म्हणून ज्योतीने तापवणारे लोक हेडचा कान वितळवून बसतात. पाण्याचा थेंब टाकून पाहा. नुसता उकळला तर शंभराच्या वर आहात, गोळी होऊन पळायला लागला तर बास करा.

उष्णता हेडला द्या, बोल्टला नाही. बोल्टच तापवलात तर तोच फुगतो.

लेथवाला_काका
बरोबर हाय. अन् गरम झाल्यावर देवघरातली मेणबत्ती घे. बोल्टच्या बुडाशी टेकव. मेण वितळून आट्यात वढल्या जाते, थंड झाल्यावरबी तिथंच राहते. स्प्रे तं गरम धातूवर नुसता धूर करते. हे आमच्या उस्तादनं शिकवलं, मी बदललं नाही.

मंग बोल्टच्या टोकावर लहान हातोडीनं टिचक्या दे, ठोकू नको. आवाज ऐक. फसलेला बोल्ट ठण्ण वाजते, सुटाले लागला का आवाज बसते. तेव्हा व्हाइस ग्रिप. पहिला हिसका सोडवायच्या बाजूनं नाही द्यायचा, आधी कसायच्या बाजूनं जराक, मंग उलटा. हललं तितकंच. परत कस, परत सोड. पाव फेरा फिरला म्हणून खूष होऊन सरळ वढत गेलं का आट्यातली भुकटी पुढं गोळा होते अन् बोल्ट तिथंच गळा आवळते. तुहा पहिल्या टायमाले हेच झालं.

चिपळूणकर
तुम्हा नागपूरकरांच्या एका बोल्टवर एवढी चर्चा! आमच्याकडे समुद्राचा वारा आणि चार महिने पाऊस. सायलेन्सरचे नट मी सोडवायला जातच नाही. सरळ ग्राइंडरने कापतो किंवा नट स्प्लिटरने फोडतो, नवे लावतो. नट स्वस्त, स्टड (नट बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) महाग. स्टड तुटला की मॅनिफोल्ड उतरवा, मग ते कामच वेगळं होतं. जे पुन्हा वापरायचं नाही ते वाचवत बसू नये, एवढं कोकणात गाडी ठेवली की कळतं.

सस्पेन्शनचे लांब बोल्ट मात्र असे सहज कापता येत नाहीत, ते बुशच्या (रबरी सांध्याच्या) आतल्या पोलादी नळीला धरतात. नट निघतो, बोल्ट फिरतो, आणि नळीसकट रबर पिळवटतं. तिथे आरीचं पातं घालून दोन्ही बाजूंनी कापण्यावाचून गत्यंतर नाही.

सावजी_तर्री
नागपुरात गंज नाही असं कोण म्हणते? पावसाळ्यात उमरेड रोडनं शेतात गाडी घाला. काळी माती गाडीखाली अशी बसते का दिवाळीलोक ओल धरून ठेवते. वरून सारं कोरडं, खालून बोल्ट सडून रायले. माह्या बावाजीच्या जीपचे स्प्रिंगचे यू-बोल्ट गॅस कटरनंच निंघाले होते. अंडरबॉडी वॉशिंग फक्त पोळ्याले बैल धुतल्यावानी वर्षातून एकदा करता, मंग काय होईन.

मूक_वाचक
एक बावळट प्रश्न. एसीटोन आणि गिअर तेल मिसळून लावतात ते चालतं का? आमच्याकडे मिस्त्री डिझेल टाकतात नुसतं.

धातूची_भानगड
गिअर तेल नाही, ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल, म्हणजे एटीएफ, आणि एसीटोन निम्मं-निम्मं. लोखंडात लोखंडी बोल्ट गंजलेला असेल तर चांगलं शिरतं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी हलवून लावावं लागतं. रंग उतरवतं आणि पटकन पेट घेतं, म्हणून त्याच्यानंतर लगेच उष्णता नको. डिझेलही वाईट नाही, फक्त रात्रभर मुरायला हवं. आपल्याकडे रात्रभर थांबायची तयारी कुणाची नसते, अडचण ती आहे.

पुणेरी_पाना
आणि यांपैकी काहीही ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडू देऊ नका.

गाडीवाली_ताई
विषय निघालाच आहे तर चाकांच्या नटाबद्दल सांगते, कारण घरी गाडीला हात लावणाऱ्यांना सगळ्यात आधी हेच नडतात. गेल्या वर्षी एका टायरच्या दुकानात नवे टायर टाकले. हवेच्या गनने नट कसले, मी बिल दिलं, निघाले. पुढे बुटीबोरीच्या पलीकडे पंक्चर. गाडीबरोबर आलेला एल पाना वाकला, नट जागचा हलला नाही. मी आणि माझी बहीण दोघी पान्यावर लटकलो. शेवटी एका ट्रकवाल्या भाऊंनी चार फुटी पाइप पान्यावर चढवून सोडवले.

तेव्हापासून दुकानातून आले की घरी सगळे नट ढिले करून टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराने कसायचा पाना) कसते. किती ते गाडीच्या पुस्तकात असतं, छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. मारुतीला बहुतेक १९ चं सॉकेट लागतं, ह्युंदाईला २१ चं. डिकीत एक लांब दांड्याचं हँडल आणि आपल्या मापाचं सहा कोनी सॉकेट ठेवा, तो एल पाना विसरा.

आणि नट सोडवताना पहिला हिसका चाक जमिनीवर असताना. जॅकवर चढवून हिसके दिले तर गाडी जॅकवरून घसरते. गाडीखाली जायचं असेल तर जॅक स्टँड. विटांवर गाडी टेकवलेली मी आमच्या मानेवाड्यात पाहिलीय. वीट फुटायच्या आधी सांगत नाही.

अंबाझरी_१२
अपडेट. हॉट एअर गन आणली. रविवारी सकाळी लवकर सुरुवात केली, दहानंतर पार्किंगमध्येही उभं राहवत नाही. ताईंनी सांगितलं तसं फॉइल, फडकी, बॅटरी. थेंब उकळेपर्यंत तापवलं, मेण लावलं, टिचक्या दिल्या, थंड होऊ दिलं, पुन्हा तापवलं. दुपारपर्यंत तेच.

संध्याकाळी व्हाइस ग्रिप लावली. कसायच्या बाजूने काही नाही. सोडायच्या बाजूने एक बारीक चर्र आवाज आला आणि तुकडा केसभर हलला, नक्की हलला, मी वर मार्करने रेघ मारली होती. पण आता ग्रिप तुकड्यावर सरकतेय. दोन बाजू चपट्या झाल्यात. अजून दाबली तर तुकडा चिरडेल असं वाटतंय. थांबलोय.

लेथवाला_काका
थांबला हे लय चांगलं केलं. हलला म्हणजे थर फुटला हाय. आता पकड पाहिजे अन् एकदा जोराची गर्मी पाहिजे, दोन्ही एकाच कामात होते. नट वेल्ड कर.

वेल्डर गाडीपाशी बोलव, गाडी तं नेता येत नाही. इन्व्हर्टर मशीन घेऊन घरी येणारे हायेत, घाट रोडच्या बाजूले विचार. मिग (तारेचं वेल्डिंग) असन तं लय बेस, नाहीतं बारीक रॉडवाला पण हात स्थिर असणारा. त्याले हे सांग:

एम८ चा साधा नट घ्यायचा, त्यावरची झिंक पॉलिश घासून काढायची, नाहीतं धूर विषारी निंगते अन् वेल्ड फुगते. नट तुकड्यावर बसवायचा. मधातली पोकळी बोल्टच्या टोकापासून सुरू करून भरत यायची. ॲल्युमिनियमले पोलादाचं वेल्ड धरत नाही, तरी भोवती पत्र्याची चकती टाकायची. अर्थिंगचा चिमटा हेडलेच, जवळ लावायचा, दूर बॉडीले नको. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या असल्या पाहिजेत, अन् ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरबी काढून ठेव.

वेल्ड झालं का लगेच पाना लावू नको. लाली जाऊ दे. मंग १३ चा रिंग पाना, दोन बोटांनी, आगं-मागं. वेल्ड तुटलं तं तुटलं, दुसरा नट लाव. प्रत्येक नटासंग बोल्ट गरम होऊन थंड होते, तेबी कामच हाय. वेल्डर म्हणन का तुटलं, आता ड्रिल मारू. नाही म्हणायचं.

पुणेरी_पाना
काका, चकतीऐवजी ओली माती लावली तर? आमच्याकडे एकजण लावतो.

लेथवाला_काका
ओली माती अन् वितळलेलं पोलाद? वाफेनं ठिणग्या तोंडावर येतीन. चकतीच.

मूक_वाचक
आणि तुकडा वर नसता, बोल्ट आतच सपाट तुटला असता तर? माझ्याकडे दुसऱ्या एका गाडीत नेमकं तेच आहे, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा एम८.

लेथवाला_काका
मंग ड्रिल. पण हातानं मधात भोक पडत नाही, कितीबी सेंटर पंच मारा. तुटलेलं तोंड तिरपं असते, ड्रिल घसरते, अन् बाजूले मऊ ॲल्युमिनियम दिसलं का तिकडेच पळते. पोलादाहून ॲल्युमिनियम लवकर कटते ना. मंग भोक अर्धं बोल्टात अन् अर्धं ब्लॉकात.

यावर एक उपाय हाय, कोणत्याबी खरादवाल्याकडून होते. जे ब्रॅकेट त्या बोल्टवर बसते, त्याच ब्रॅकेटचं भोक गाइड म्हणून वापरायचं. एक छोटा बुश (पोकळ नळी) खरादवर फिरवून घे. बाहेरचं माप ब्रॅकेटच्या भोकात टाइट बसन असं, आतून ३ मिलिमीटरचं भोक. ब्रॅकेट बाकीच्या बोल्टांवर कसून बसव, बुश ठोक, त्यातून ३ चा ड्रिल. बरोबर मधात जाते, चुकाले जागाच नाही. मंग दुसरा बुश ५ चा.

ड्रिल डाव्या फिरकीचा मिळाला तं घे, मशीन उलटी फिरवायची. कटता कटता ड्रिल बोल्टले सोडवायच्या बाजूनंच वढते, अन् कित्येक टायमाले बोल्ट ड्रिललेच अटकून बाहेर येते. नाही आला तं वाढवत वाढवत एम८ साठी ६.८ लोक जा. तेवढं बरोबर मधात गेलं तं आट्यात बोल्टची नुसती जाळी राहते, टोच्यानं उकलून काढ अन् टॅप (आटे साफ करायचं हत्यार) मार. एम६ असता तं ५ चा ड्रिल.

पुणेरी_पाना
आणि भोक वाकडं गेलंच तर हेलिकॉइल. भोक मोठं करून त्यात स्टेनलेसच्या तारेची कॉइल बसवतात, आटे पुन्हा मूळ मापाचे. ॲल्युमिनियममध्ये ते मूळच्या आट्यांपेक्षा भक्कम धरतात. फक्त ड्रिलचं माप किटवर लिहिलेलंच घ्या, अंदाजाने नाही.

अंबाझरी_१२
निघाला!!

वेल्डर काल संध्याकाळी आला. नट बघून म्हणाला, साहेब, एवढ्यासाठी? इझी आउट नाही का? मी काकांची पोस्ट वाचून दाखवली. हसला आणि म्हणाला, बरोबर सांगतात. पहिला नट वेल्डसकट तुटून आला. दुसऱ्याला त्याने जास्त वेळ दिला. लाली गेली, पाना लावला, आगे-मागे, आगे-मागे. सुरुवातीला हाताला काहीच कळत नव्हतं, मग रबरातून फिरतंय तसं वाटलं, मग आवाज करत फिरायला लागला. प्रत्येक फेऱ्याला पांढरा चिखल बाहेर.

बोल्ट मधोमध इतका झिजलाय की आणखी एक हिसका दिला असता तर आतच तुटला असता. हेडचे आटे वरचे दोन गेलेत, खालचे चांगले दिसतात. एम६ टॅपने साफ करावे ना? आणि नवीन बोल्ट स्टेनलेसचे लावू का, म्हणजे पुन्हा गंजणार नाहीत?

धातूची_भानगड
अभिनंदन! स्टेनलेस नको. जास्त करून गंजतंय ते ॲल्युमिनियम, बोल्ट नाही. ॲल्युमिनियमच्या शेजारी स्टेनलेस आणि मध्ये पाणी म्हटलं की साध्या झिंकवाल्या बोल्टपेक्षा जोडी आणखी वाईट. शिवाय बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ७० वर्गाचा असतो, म्हणजे ७०० मेगापास्कल. मूळचा ८.८ म्हणजे ८००. त्यातला पहिला आकडा गुणिले १०० ही तुटण्याची ताकद, आणि दोन्हींच्या गुणाकाराच्या दहापट, म्हणजे ६४०, इथे तो कायमचा ताणला जातो.

लेथवाला_काका
टॅप हातानं, मशीननं नाही. तेल लाव, अर्धा फेरा पुढं, पाव मागं. आत कचरा पडला तं ग्रीस लावलेल्या काडीनं काढ, हवा मारू नको, ते पाण्याच्या वाटेत जाईन.

बोल्ट इतवारीत लोहा ओळीत घे. डोक्यावर ८.८ कोरलेलं पाहून घे. कोरलेलं नाही तो बोल्ट खाटेले लाव, इंजिनले नको. लांबी जुन्यावर मोजून. वरचे आटे गेले म्हणून २ मिलिमीटर लांब चालन, पण आधी वॉशर सोडून हातानं बसवून पाह्य, बुडाले टेकते का. टेकला तं हाउसिंग ढिलं राहते अन् तुले वाटते कसला.

पुणेरी_पाना
आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) अगदी पातळ लावा. त्याने घर्षण कमी होतं, म्हणून तोच टॉर्क लावला तर बोल्ट जास्त ताणला जातो. पाचवा हिस्सा कमी धरा. १० च्या जागी ८ न्यूटन-मीटर. स्पार्क प्लगला मात्र सवयीने लावू नका, हल्ली प्लगवर थर दिलेलाच असतो.

गाडीवाली_ताई
हाउसिंगची बैठक खड्डे पडलेली असेल तर नवंच घे, पांढरी भुकटी झाली म्हणजे तिथेही खाल्लेलं असणार. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून बघ, खड्डा गेला तर ठीक. आणि पाणी पूर्ण दोनदा फ्लश कर, डिस्टिल्ड वॉटरने. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. उन्हाळ्यात रस्त्यात पाणी घालावं लागलं तर बिसलेरीसुद्धा तात्पुरतीच, बोअर तर नकोच नको. हवा काढायला विसरू नकोस, हीटर फुल करून इंजिन चालू ठेव.

अंबाझरी_१२
हाउसिंग नवंच मागवलंय. हे मे महिन्यात हीटर फुल करायचं ऐकून घरचे माझ्याकडे संशयाने बघतायत.

सावजी_तर्री
हीटर लावून पार्किंगमध्ये बसशीन तेव्हा मले फोटो पाठव बे.

कळमना_डिझेल
उशिरा आलो. चांगला धागा आहे, खूण करून ठेवला. माझ्या डिझेल गाडीचा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला सिलिंडर तापवणारी कांडी) बदलायचाय, तिसऱ्या सिलिंडरचा अजिबात हलत नाही. त्याचं डोकं १० चंच आहे. मेणबत्ती तिथेही चालेल का? आज रात्री करणार आहे.

लेथवाला_काका
नको करू आज रात्री. ग्लो प्लग पोकळ असते, बोल्टहून लवकर तुटते, अन् तुटला का टोक सिलिंडरात. इंजिन गरम असताना सोडवायचा असते तो, अन् त्याचा टॉर्क पुस्तकात पाहिल्याबिगर नाही. नवीन धागा काढ, गाडी कोणती, इंजिन कोणतं ते लिही. तोवर पाना डब्यात ठेव.